डाव्या बाजूची चाकं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आता म्हातारपणी कबूल करायला काही वाटत नाही. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की मी परत येऊन ते दोनदा ओढून बघतो. दुकानदार जरा जास्त गोड बोलला की माल उलटापालटा करून पाहतो. तरुणपणी या खोडीला मी चिकित्सक बुद्धी म्हणत असे, आणि ज्या कामात होतो तिथं ते नाव खपूनही जाई. यंत्र बिघडलं की त्याच्या प्रत्येक भागावर संशय घ्यायचा आणि एकेकाला निर्दोष ठरवत पुढं जायचं, हीच आमची पद्धत. यंत्रासाठी ती उत्तम आहे. मी ती एकदा माणसाला लावली, त्याची ही हकिगत.

साठ सालानंतरची गोष्ट. मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात कनिष्ठ इंजिनियर होतो. आमचं घराणं मूळचं साताऱ्याकडचं, पण वडील नोकरीपायी इकडे आले आणि मी चामराजपेटेतच लहानाचा मोठा झालो. घरात मराठी, दारात कन्नड आणि कारखान्यात इंग्रजी, अशा तीन जिभा बाळगून आम्ही राहत होतो. त्या वर्षी दिवाळीच्या आधी दिल्लीहून काही वरिष्ठ मंडळी पाहणीला येणार होती आणि आमच्या विभागाला त्यांच्यासमोर काहीतरी डोळ्यांत भरेल असं ठेवायचं होतं. मी सुचवलं की हातभर लांबीचा एक ट्रक करू. त्याला ना दोरी ना तार, नुसत्या रेडिओच्या इशाऱ्यावर तो चालेल, आणि गुळगुळीत फरशीवर नाही तर दगडधोंड्यांवर चढून दाखवेल. विभागप्रमुखांना कल्पना पसंत पडली. मी फुशारलो.

रेडिओचा भाग माझ्या हातचा होता. एका डब्यावर एक बटण, ट्रकच्या पोटात इशारा ऐकणारं यंत्र, आणि त्या इशाऱ्यावर टकटक करत मोटर चालू-बंद करणारा रिले. पण ट्रक दगडावर चढायचा तर चाकं कासवाच्या चालीनं आणि बैलाच्या जोरानं फिरायला हवी होती. त्यासाठी दातेरी चक्रांची मालिका, पोलादी आस आणि ते ज्यात फिरतात ते पितळी बुश इतके नेमके हवेत की केसाचाही फरक चालू नये. हे माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते केलं आमच्या वर्कशॉपमधल्या एका टर्नरनं, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्या कारागिरानं.

हा माणूस निपाणीकडचा. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणत असे, आणि मी वरच्या पायरीवरचा म्हणून तो मला साहेब म्हणे. मार्केटजवळ तिघांत मिळून एक खोली घेऊन राही. बायको-मुलं गावी होती. लेथवर उभा राहिला की चुकूनही बोलत नसे. एकदा मी त्यानं केलेला आस मायक्रोमीटरनं मोजायला घेतला, तर तो शांतपणे बाजूला सरकला आणि मला तीन वेळा मोजू दिलं. तिन्ही वेळा माप बरोबर आलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तो तात्पुरत्या यादीवर होता. दर काही महिन्यांनी त्याची मुदत वाढे, पण कायम होत नव्हता. ट्रकचं काम निघालं तेव्हा विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं की आपल्याकडे टर्नरची एक कायम जागा आहे, या माणसाचं काम जवळून बघ आणि पाहणी व्हायच्या आत मला चार ओळी लिहून दे, मी तुझ्या शब्दावर जाईन. मी हे अण्णाला सांगितलं. तो म्हणाला की कायम झालो तर बायको-मुलांना इकडे आणीन, पोरगी आता शाळेच्या वयाची झालीय. त्या ट्रकवर माझी शाबासकी अवलंबून होती. अण्णाचा मात्र सगळा संसारच त्यावर अवलंबून होता.

ट्रक आम्ही माझ्या घरी चालवून पाहत असू, कारण बसवनगुडीचा कातळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि चढण्या-उतरण्यासाठी तसा दगड कारखान्यात नव्हता. रविवारी दुपारी अण्णा येई. आधी आमच्याकडे जेवण होई. आईला तो अक्का म्हणे. ती त्याला बळेच तिसरी भाकरी वाढी आणि तो पोट भरलं म्हणत म्हणत ती खाई. सीमेवरची त्याची मराठी आईला भारी आवडायची. साताऱ्याकडची माणसं भेटल्यासारखं वाटतं, म्हणायची.

आईचं आणि माझ्या यंत्रांचं मात्र कधी पटलं नाही. गणपतीच्या आधी तिनं घर झाडताना माझ्या टेबलावरून फडकं फिरवलं आणि रेडिओच्या भागाची एक केसासारखी तार तुटली. मी तोंडाला येईल ते बोललो. माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, तुला त्यातलं काही कळत नाही, असं बरंच काही. अण्णा तेव्हा पडवीत बसला होता. त्यानं ती तार डाखून दिली. आई त्या दिवशी जेवली नाही. मलाही वाईट वाटलं होतं, पण मी तिची समजूत काढली नाही. यंत्राच्या बाबतीत माझंच खरं, अशी घमेंड होती.

दसऱ्याच्या आधी ट्रक झकास चालू लागला. कातळाच्या उतरणीवर तो वर चढला, बटण सोडताच थांबला आणि दाबताच पुन्हा निघाला, तेव्हा फिरायला आलेली दहा-पंधरा माणसं जमून बघत होती. खंडेनवमीला कारखान्यात आयुधपूजा. तिकडे सगळी यंत्रं धुऊन-पुसून, झेंडू आणि कुंकू लावून ठेवतात आणि दारात कोहळा फोडतात. मी तिकडे गेलो. ट्रक घरीच होता. आईनं विचारलं होतं की याची पूजा केली तर चालेल का. गणपतीच्या वेळची बोलणी आठवून मी म्हटलं, कर, पण तारांना हात लावू नकोस. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ट्रकच्या तोंडावर कुंकवाचं बोट आणि हार होता, चाकाखाली लिंबू होतं. मीही नमस्कार केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सगळं नीट पुसून ट्रक टेबलावर ठेवला.

त्यानंतरच्या सोमवारी, कारखान्याची बस यायच्या आधी, सकाळी सहाच्या सुमाराला मी ट्रक अंगणात सोडला. बटण दाबलं. मोटर कण्हली, ट्रक हातभर पुढं गेला आणि डावीकडे वळून भिंतीला जाऊन टेकला. मी उचलून सरळ केला. पुन्हा डावीकडे. उजवी चाकं फिरत होती, डावी जणू कुणी धरून ठेवली होती.

मी पद्धतशीर कामाला लागलो. बॅटरी बदलली. रिले तपासला, त्याची टकटक चोख होती. दातेरी चक्रं सोडवून मोटर नुसती फिरवली, मोटर भिरभिरली. मग ट्रक उलटा करून चाकांना बोटानं गती दिली. उजवी दोन्ही कितीतरी वेळ फिरत राहिली. डावी दोन्ही अर्धा फेरा घेऊन थांबली. म्हणजे दोष ना रेडिओत होता ना मोटरमध्ये. तो डाव्या आसांत किंवा बुशांत होता. आणि ते अण्णानं केले होते.

बुश घट्ट ठोकून बसवलेले होते. ते काढायचं वर्कशॉपचं हत्यार अण्णाच्याच ताब्यात असे. मी त्याला सांगितलं, आणि तो रविवारी दुपारी आला. जेवणं झाली. त्यानं ट्रक अंगणात ठेवला, मी बटण दाबलं आणि ट्रक सुरळीत चालला. किंचित डावीकडे ओढत होता, पण चालला. मी चकित होऊन बघत राहिलो. अण्णानं ट्रक उलटा केला, डावं चाक बोटानं फिरवलं, आसाच्या जागी डोळा नेऊन पाहिलं. मग म्हणाला, “साहेब, ही डावी बाजू तासभर माझ्याकडं द्या. उघडतो, पुसतो, बसवतो.”

काय झालंय म्हणून मी विचारलं.

“काय झालं नाही. स्वल्प पुसलं की सरी होतंय.”

स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक; त्याच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असे. पण आज त्याच्या सांगण्यात काहीतरी दडलेलं होतं. तो माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बोलला, हे मी टिपून ठेवलं. म्हटलं, आज राहू दे, चाललाय ना.

सोमवारी सकाळी ट्रक पुन्हा अडला.

झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. हा नसतो तेव्हा ट्रक अडतो आणि हा हात लावतो तेव्हा चालतो. हे कसं? कारखान्यात ड्रॉइंग विभागातल्या एका सहकाऱ्याशी बोललो. तो हसला आणि म्हणाला की कसलेला कारागीर एक मेख नेहमी स्वतःच्या हातात ठेवतो, म्हणजे त्याच्यावाचून कुणाचं चालू नये. तात्पुरत्या यादीवरचा असेल तर विचारायलाच नको. मला ते एकदम पटलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, तशी गत झाली.

मग मी वही घातली. तारीख, वेळ, ट्रक चालला की अडला, आणि शेवटच्या रकान्यात ‘तो हजर’ किंवा ‘तो गैरहजर’. सकाळी सहा, अडला, गैरहजर. सकाळी साडेसहा, अडला, गैरहजर. रविवारी दुपारी तीन, चालला, हजर. त्याचं नाव लिहायचंही मी टाळू लागलो होतो. आस धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या स्क्रूंवर पेन्सिलीच्या बारीक खुणा केल्या, म्हणजे कुणी फिरवले तर कळावं. त्याच्याशी बोलताना मी वरवर पूर्वीसारखाच असे. बसमध्ये शेजारी बसून आम्ही गप्पा मारायचो आणि माझं सगळं लक्ष तो काय बोलत नाही याकडे असायचं. त्यानं आणखी दोनदा डावी बाजू उघडू द्या म्हणून विचारलं. दोन्ही वेळा मी टोलवलं. एवढी घाई कशाला, हा प्रश्न मला खायचा.

पाहणीच्या आधीचा शेवटचा रविवार. जेवण झाल्यावर मी बॅटऱ्या आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पाच-सात मिनिटं लागली असतील. परत आलो तर अण्णा पडवीत मांडीवर ट्रक उलटा घेऊन बसला होता. पुढचं डावं चाक काढलेलं, शेजारी वाटीत रॉकेल, हातात चिंधी. मला पाहताच त्यानं चिंधी मुठीत घेतली.

मी विचारलं, काय चाललंय.

“काय नाही. जरा पुसत होतो.”

मी त्याच्या हातून ट्रक काढून घेतला. तो उठून उभा राहिला आणि त्यानं पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई आत भांडी लावत होती. तो हळू आवाजात म्हणाला की मागलं चाक राहिलंय, तेवढं करू द्या, मग तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. मी म्हटलं, माझं मी बघतो, तुम्ही आता निघा. त्यानं चाक परत बसवून दिलं, हात धुतले, आतल्या बाजूला तोंड करून “अक्का, येतो” म्हणाला आणि गेला. चिंधी घेऊन गेला.

तो गेल्यावर मी चाकं फिरवून पाहिली. पुढचं डावं चाक उजव्यांसारखं मोकळं फिरत होतं. मागचं तसंच अडत होतं. मला आणखी कसला पुरावा हवा होता? यानंच काहीतरी घातलं होतं, आणि पाहणी तोंडावर आल्यावर यानंच ते चोरून काढायला घेतलं होतं. मला भयंकर राग आला. पण खरं सांगतो, रागात थोडा आनंदही होता. माझा संशय खरा ठरला याचा आनंद.

सोमवारी मी विभागप्रमुखांना चार ओळी लिहून दिल्या. सदर इसमाचे हात कुशल आहेत, परंतु स्वतःची गरज भासत राहावी म्हणून तो कामात हेतुपुरस्सर दोष ठेवतो असा सबळ संशय आहे. जबाबदारीच्या कायम जागेसाठी त्याची शिफारस करता येत नाही. साहेबांनी वाचलं, भुवई उंचावली आणि विचारलं की खात्री आहे ना. मी वही दाखवली. रकाने बघून ते प्रभावित झाले.

पाहणी बुधवारी दुपारी दोनला झाली. कारखान्याच्या मागच्या उघड्या आवारात दगड रचून छोटी टेकडी केली होती. ऊन लखलखत होतं. अण्णाला मी तिथं येऊ दिलं नव्हतं. मी बटण दाबलं आणि ट्रक त्या टेकडीवर असा चढला की दिल्लीच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. परत चालवायला लावला, परत चढला. मला वाटलं, बघा, त्याचा हात दूर केला आणि ट्रक सुधारला. त्याच आठवड्यात त्याची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. मला समोर गाठून तो भांडेल अशी माझी अपेक्षा होती आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. तो आलाच नाही. जाब विचारत नाही म्हणजे मनात चोर आहे, हेही मी त्याच्याच खात्यावर मांडलं.

डिसेंबरमध्ये ट्रक पुन्हा माझ्याकडे घरी आला. शेजारी एक पाहुणे आले होते, त्यांना दाखवावा म्हणून एका रविवारी सकाळी अंगणात सोडला. थंडी चांगलीच होती. मोटर कण्हली आणि ट्रक जागचा हललाच नाही. मागचं डावं चाक बोटानंही फिरेना. आता ‘तो’ बंगळुरात तरी होता की नाही, कोण जाणे. मी पाहुण्यांची माफी मागितली, कारखान्यातून बुश काढायचं हत्यार मागून आणलं आणि पुढच्या रविवारी तो आस बाहेर काढला.

आसावर तांबूस, चिकट, कडक झालेला लेप होता. नखानं खरवडला तर मऊसर गोळी झाली. बोटांच्या उबेनं ती आणखी मऊ झाली. मी ती नाकाशी नेली. वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. तेवढ्यात आई तांदूळ निवडायला सूप घेऊन पडवीत आली. माझ्या बोटाकडे बघून सहज म्हणाली, “अजून राहिलंय होय तिथं? पुसलं होतं की मी.”

मी विचारलं, काय पुसलं होतंस.

ती सांगू लागली. खंडेनवमीला ट्रकच्या तोंडाला कुंकू लागलं, पण चाकांना लागेना. चाक फिरतं ते आसावर, म्हणजे पूजा आसाची व्हायला हवी. आणि तो तर आरशासारखा गुळगुळीत, कोरडं कुंकू घसरून पडायचं. मग तिनं आपल्या करंड्यातलं मेण घेतलं. आई जुन्या वळणाची, कपाळाला आधी मेण लावून मग त्यावर कुंकू टेकायची, तेच तिनं इथं केलं. आस जिथं आत शिरतो तिथपर्यंत बोटानं मेण दाबून वर कुंकू भरलं. उजवी बाजू भिंतीकडे होती, तिथं हात नीट पोचला नाही, नुसतं लावल्यासारखं केलं. “तुझा अण्णा आला होता त्या दिवशी स्क्रू द्यायला,” ती म्हणाली. “त्यानंच धरला होता तिरका करून. म्हणाला, अक्का, थोडंच लावा. पण मी म्हटलं, तुझंही काम आहे यात, भरपूर लावते.”

आई तांदूळ निवडत राहिली. मी वही आणली आणि पडवीतच उघडून बसलो. सकाळी सहा, अडला. सकाळी साडेसहा, अडला. दुपारी तीन, चालला. सकाळच्या गारठ्यात मेण घट्ट होत होतं आणि दुपारच्या उन्हात सैल पडत होतं. कोण हजर होतं यासाठी मी रकाना आखला होता, हवा किती गार होती यासाठी आखला नव्हता. शाळेतल्या पोरानं ओळखलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी नुसता वळसा घातला नव्हता, वाटेत एका माणसाला तुडवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेलो. सगळं सांगितलं आणि माझी टिपणी चुकीची होती असं लेखी द्यायची तयारी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की कागद वर गेलाय, जागाही भरली गेलीय, आणि आज तू हे लिहून दिलंस तर उद्या तुझा कुठला शब्द खरा मानायचा? तरीही मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. तो तिथून पुढं कुठं गेला नाही.

अण्णाच्या खोलीवर गेलो तेव्हा त्याच्या सोबत्यांनी सांगितलं की तो शहराबाहेर आनेकलला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागलाय. रविवारी बसनं आनेकलला गेलो. शेतीच्या पंपांची दुरुस्ती करणारं एक पत्र्याचं शेड होतं. आत एक जुनाट लेथ, आणि त्याच्यापुढं तो. रविवारीही काम चालू होतं. मला बघून त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि एक डबा उलटा करून मला बसायला दिला.

मी उभाच राहिलो. मेण सापडल्याचं सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत त्यानं विचारलं, “अक्कांना काय बोललासा काय?”

“नाही.”

“मग सरी,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा सैलावला. एवढा एकच प्रश्न त्याच्या मनात होता.

मी त्याला विचारलं की पहिल्याच रविवारी त्याला कळलं होतं का. होय म्हणाला. चाक फिरवून बघताच ओळखलं. मग सांगितलं का नाही? त्यानं गणपतीच्या वेळच्या तारेची आठवण करून दिली. त्या दिवशी अक्का जेवल्या नव्हत्या, तुमचा आवाज पार दारापर्यंत आला होता, आणि एवढ्या भक्तीनं केलेल्या पूजेनं ट्रक अडला असं ऐकलं असतं तर त्यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. त्यापेक्षा तासाभराचं काम, गुपचूप पुसून टाकावं, असं त्याला वाटलं होतं. मग म्हणाला, “आन् सांगितलं असतं तर तुम्ही मानला असतासा?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या शेडमध्ये, त्याच्यासमोर, मी खरंच विचार केला. त्यानं सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, स्वतःचं पाप आता माझ्या आईवर ढकलतोय. वहीतही तसंच लिहिलं असतं.

“नाही,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मला बी तसंच वाटलं, म्हणाला. मी माफी मागितली, रडलोही. त्यानं मला चहा पाजला. मी विचारल्यावर त्यानं सांगितलं की लेक गावच्या शाळेत घातलीय. निघताना त्यानं एकच गोष्ट मागितली. अक्कांना यातलं काही कळू देऊ नका. मी शब्द दिला.

पुढं आई दर रविवारी विचारायची, अण्णा का येत नाही. मी म्हटलं, आनेकलला चांगलं काम मिळालं, लांब पडतं. तरी काही रविवार तिनं त्याच्या नावाची भाकरी टाकली, मग बंद केलं. सांगूनसुद्धा गेला नाही, म्हणाली. पुढं पुढं तिच्या बोलण्यात कडवटपणा येऊ लागला. कुणी परगावचा ओळख काढत घरी आला की ती म्हणायची, माणसं अशीच, गरज असते तोवर अक्का अक्का, काम झालं की पाठ. मी समोर बसून जेवत असे आणि काही बोलत नसे. ती जाईपर्यंत तिच्या लेखी तो कृतघ्नच राहिला.

त्याला दिलेला शब्द पाळला म्हणून मी गप्प राहिलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण आईला कळलं असतं तर मेणाचं दुःख तिनं नंतर केलं असतं. आधी तिनं मला विचारलं असतं की त्याची नोकरी कुणी घालवली. तेव्हा मी गप्प राहिलो ते नेमकं कुणासाठी, याचा आता मला दाट संशय आहे.